शिशाचं छत

सप्टेंबरातला दुसरा शनिवार.
मनोऱ्याचं दार वर्षातून आजच उघडतं
आणि किल्ली माझ्याकडे.
एका वेळी सहाच माणसं, मी सांगतो,
डोकं सांभाळा, दोर सोडू नका,
एकशे सात पायऱ्या, मधूनच परत फिरता येणार नाही.

खाली नॉर्विचहून आलेलं एक जोडपं
संगमरवरी सरदाराचं तुटकं नाक बघून हसतंय.
त्याच्या पायाशी निजलेल्या दगडी कुत्र्याला
एक पोर हळूच बिस्कीट देतंय.
बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी चहा, लिंबाचा केक,
वटवाघळांच्या लेंड्यांवर अंथरलेलं मेणकापड,
आणि छपराच्या दुरुस्तीसाठी काचेची बरणी.
नोटा दोन. बाकी चिल्लर.

तिसऱ्या खेपेच्या रांगेत हिल्डा थर्केटल,
छातीवर पाहुण्यांचं पिवळं स्टिकर.
बेचाळीस वर्षं ती इथलं पितळ घासतेय.
गरुडाच्या पिसांत अडकलेली पॉलिशची पांढरी पूड
टाचणीनं कोरून काढते.
कुठलं बाक कुणाच्या वजनानं करकरतं
ते तिला पाठमोरी असतानाही कळतं.
वर मात्र कधीच गेली नव्हती.
"कुणी बोलावलंच नाही," म्हणाली,
"आणि न बोलावता जायला ते काय माझं घर आहे?"

दगड मधोमध झिजून पन्हळीसारखे झालेले.
दर पंधराव्या पायरीला ती थांबायची,
दम लागला असं न म्हणता
भिंतीवरून बोट फिरवायची
आणि बोटावरची धूळ मला दाखवायची,
जणू मीच साठवलीय.
घंटांच्या मजल्यावर सगळ्यात थोरलीला
तळहात उलटा करून लावला,
ताप बघावा तसा.

वर वारा. कापणी झालेली सपाट शेतं,
त्यापलीकडे समुद्राची करडी रेघ.
लोक आपापली घरं शोधू लागले.
हिल्डा पायाशीच बघत राहिली.
शिशाच्या पत्र्यावर खिळ्यानं कोरलेले बूट,
डझनभर तरी:
छत घालणाऱ्यांनी पाय ठेवून भोवती ओढलेली रेघ,
आत अक्षरं, साल.
आर. जी., १९५१.
"रूबेन गॅदरकोल," ती म्हणाली. "माझे वडील.
डावा पाय आत वळायचा. बघ, वळलाय."

त्याला चिकटून आणखी एक,
माझ्या तळहाताएवढा.
अक्षर नाही, साल नाही.
बराच वेळ ती काही बोलली नाही. मग,
"माझ्या आधी एक होता.
घरात त्याचं नाव काढत नसत."

खालून कुणीतरी ओरडलं, अजून किती वेळ?
जिन्यात सहाजण ताटकळत होते, राहू दिले.
तिनं खिशातून पिवळं फडकं काढलं,
गुडघे टेकले, एक एक करून,
आणि धाकट्या बुटावरची कबुतराची घाण पुसली.
"पितळ नाही हे," पुटपुटली, "चमकायचं नाही."
तरी पुसत राहिली.

उतरल्यावर स्टिकर काढून घडी केली,
बरणीत दोन पौंड टाकले.
"पुढच्या वर्षी कितवी तारीख?"
मी खिशातली किल्ली चाचपली.
बघून सांगतो, म्हणालो.