पिवळं येईपर्यंत

तपकिरी बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची नाही,
आतल्या कप्प्यात, दोन ते आठ अंशांत,
हे मी शिपायाला तीनदा सांगितलं.
चौथ्यांदा सांगायच्या आत वीज गेली
ती गेलीच, जामसंड्यापासून कुणकेश्वरापर्यंत काळोख.
मग भाऊ बंदरावरून बर्फ घेऊन आला
सुरमईच्या खोक्यातला,
आणि माझं महागडं रसायन
रात्रभर माशांच्या वासात निजलं.
सकाळी बाटलीच्या बुडाला एक खवला.
पुसायचा राहिला.

लवू घाडीला आणलं तेव्हा दुपारचे दोन.
तोंडाला फेस, अंग घामाने निथळतंय,
डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या,
दंडाचं मांस त्याला न विचारता उडतंय.
शर्टाला लसूण कुजल्यासारखा वास.
तुडतुडा पडला म्हणून पहाटेपासून
कलमांवर पंप मारत होता,
तोंडावरचा पंचा घाम पुसायला सोडला
आणि नेमका तेव्हाच खाडीवरून वारा फिरला.

डॉक्टर आत अ‍ॅट्रोपीन मोजत होते,
मी बाहेर नळ्या.

हे रसायन काय करतं ते सांगते.
आम्ही गाबीत, मला दुसरी उपमा येत नाही:
ते आमिष आहे.
नस स्नायूला निरोप धाडते, आणि एन्झाइम
निरोप पोचल्याबरोबर तो गिळून टाकतं,
म्हणून तर आवळलेली मूठ सुटते,
घेतलेला श्वास सोडता येतो.
आम्ही त्याला खोटा निरोप टाकतो,
हुबेहूब, फक्त एका जागी प्राणवायूऐवजी गंधक.
त्याने घास तोडला की गंधक सुटतं
आणि नळी पिवळी होते.
पिवळं म्हणजे लागला मासा.
विष माशाला मारत नाही.
तोंड शिवतं.

मिनिट. दोन मिनिटं.
लवूची नळी पाण्यासारखी.
आमचा बापूस अशीच गरी सोडून बसायचा,
बोटावर दोरी, तोंडात शब्द नाही.
दारात लवूची बायको, सरू,
पायात एकच चप्पल.
"काय दिसता गो?"
काय सांगू. दिसत नाही हेच दिसतंय.

ताडून बघायला धड माणसाचं रक्त हवं होतं.
त्याला पाठीवर घालून आणणारा डंबर
बाकावर चहा पीत होता,
दहा वर्षं याच बागेत राखणीला,
नेपाळात घर, बोलणं आमचं.
"माका काय नाय जाला," म्हणत त्याने हसत हात पुढे केला.
त्याची नळी
जरा फिकट पिवळी झाली, लिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी,
आणि तिथेच थांबली.
मी पुन्हा लावली. पुन्हा तेच.
तो अजून हसत होता, कप रिकामा करत.

संध्याकाळी बागायतदाराचा फोन,
"सोमवारी दुसरी फवारणी. दोघांतला एक तरी येईल ना?"
त्याला वाटत होतं मी तारीख सांगेन.
मी म्हटलं, अजून पिवळं आलेलं नाही.
तो म्हणाला, पौषात कुठलं पिवळं येतंय बाई,
आत्ता कुठे मोहर धरलाय.
आणि मनापासून हसला.

लवूने नवव्या दिवशी पेज मागितली.
रोज सकाळी मी त्याचं रक्त काढते,
रोज आकडा मुंगीच्या पावलाने वर सरकतो.
परवा नळीत पहिल्यांदा रंग दिसला,
इतका हलका की मागे पांढरा कागद धरावा लागला.
सरूला बोलावून दाखवला.
ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
"हळद संपत इल्यावर डब्यात रवता, तसो."

रजिस्टरात एक रकाना आहे, कंट्रोल.
त्या पहिल्या रात्री तिथे मी माझं रक्त घातलं होतं.
माझं घर कलमांच्या गडग्याला लागून,
कपडे त्याच गडग्यावर वाळत घालते.
आकडा लिहिलाय. पेन्सिलीने.
त्याच्यावर अजून पेन फिरवलेलं नाही.