जोडशब्द

सोहार. मे महिना. दुपारचे चार.
एसी कण्हतोय. डायनिंग टेबलावर
नववीचा इतिहास आणि फुटाण्यांची वाटी.
माझ्या कार्डाआधी जो व्हिसा आला
त्यावर होतं: फॅमिली जॉइनिंग.
म्हणजे नवऱ्याच्या नावाला जोडून.
नोकरीला मनाई. म्हणून ही शिकवणी,
पडदे ओढून,
कुणी विचारलंच तर मैत्रिणीची मुलं.

धडा पहिला. पाव महागलाय.
पुस्तकात एक परिच्छेद, एक चित्र:
बायका निघाल्यात राजाच्या महालाकडे
पावसात, तोफ ओढत.
"किती लांब, मिस?"
इथून बंदराइतकं.
दोघंही पडदा सारून बघतात.
बाहेर त्रेचाळीस अंश, चालणारं कुणी नाही,
फक्त समोरच्या व्हिलातली ओबुलम्मा, कडप्याची,
कचऱ्याची पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत.
तिचा पासपोर्ट मॅडमच्या कपाटात आहे.
कोपऱ्यावर ती थोडी जास्तच थांबते.

चित्रात एकीलाही नाव नाही.
पुढून तिसरी, तिला मी मार्गो म्हणते.
परटीण. सोड्याने सोललेले हात.
हक्कांचा कागद आधीच लिहून झाला होता,
राजाचा होकार तेवढा अडला होता.
तो आणला मार्गोच्या ओल्या जोड्यांनी.
कागदात ती नव्हती.

नौशीन परकार, दाभोळची, पेन चावत:
"म्हणजे बायका माणसांत येत नव्हत्या?"
त्यांच्याकडे माणूस आणि पुरुष
एकाच शब्दात राहतात, मी सांगते.
"मग आपली मराठी बरी," अद्वय खूश,
"आपल्यात माणूस सगळ्यांना चालतो."

चालतो. मुंबईच्या विमानतळावर
दीर म्हणाले होते,
बाईमाणूस आहे, एकटी कशी जाईल.
दोन डिग्र्या होत्या बॅगेत, इस्त्री करून ठेवलेल्या.

पुढे एकीने, मी सांगते, तो कागद
पुन्हा लिहून काढला, कलमामागून कलम,
जिथे तो होता तिथे ती बसवत.
कुणी मागितला नव्हता. दिवाही तिचाच.
"तिचं काय झालं?"
मी फुटाण्यांची वाटी पुढे सरकवते.
नौशीन मानेवरून बोट फिरवते.
तिने आधीच वाचलेलं असतं.
अद्वय विचारतो, हे परीक्षेला आहे का?
नाही. लिहून घे.

बंदरावरून फोन. शिफ्ट संपली. काय करतेस?
काही नाही, मी म्हणते,
इतक्या सफाईने
की दोन्ही मुलं माझ्याकडे बघतात.

नौशीन वही पुढे करते.
समासात तिने काहीतरी खोडलंय,
पुन्हा लिहिलंय, पुन्हा खोडलंय.
"मिस, बाईमाणूस
जोडून लिहायचं की तोडून?"