रांजण धुणारी

आमच्या काखेतीत रांजण जमिनीत पुरतात,
गळ्यापर्यंत. वर दिसतं ते फक्त तोंड,
आत माणूस उभा राहील एवढं पोट.
द्राक्षं उतरायच्या आधी, मरियमेच्या उपवासात,
कुणीतरी आत जाऊन ते घासावे लागतात.
एलिझबार जायचा. तो गेला,
आणि इतके अरुंद खांदे
गावात माझ्याशिवाय कुणाचे निघाले नाहीत.

आधी दोरीला बांधून मेणबत्ती सोडायची.
ती जळत राहिली, तर मग मी.
हातात चेरीच्या सालींची घासणी, कमरेला दोर,
डोक्यावर भाकरीएवढं गोल आभाळ.

आत बोललेलं बाहेर जात नाही.
भिंतीला लागून आपल्याच कानात परततं.
एलिझबार म्हणायचा, प्रभो, दया कर,
घासणीच्या एका फेरीला एकदा.
मी म्हणायचे, गुडघे गेले माझे,
आणि तेच परत ऐकायचे.

यंदा त्सियालाचा रांजण आला.
एलिझबारच्या मयताला जी दार लावून बसली
तीच ही त्सियाला.
कारण एक अक्रोडाचं झाड,
कुंपणावरचं. अक्रोड दोन्हीकडे पडायचे.

तळ घासला, पोट घासलं.
रांजणाला खांदा असतो, गळ्याच्या जरा खाली,
कंदील कितीही वाकवा, तिथे उजेड पोचत नाही.
तिथे मागच्या सालचा आंबूस थर होता,
नखाएवढा.
तो मी राहू दिला.

शेवटचं पाणी मालकासमोर प्यायची एलिझबारची रीत,
ती विसरल्याचं सोंग केलं.
त्सियालानं पैसे मोजले, वर चीजही बांधून दिलं.
उपास सुटल्यावर खा, म्हणाली,
माझ्याकडे न बघता.

नखाएवढा थर. वसंतात झाकण निघेल तेव्हा
अख्खा रांजण आंबलेला.
लोक म्हणतील, वर्षच वाईट होतं.
म्हणतील, मातीला भेग गेली असेल.
माझं नाव कुणी घेणार नाही.
अंथरुणात हे मी स्वतःला तीनदा सांगितलं,
तिन्ही वेळा ते परत आलं, माझ्याच आवाजात.

मला वाटायचं, देव तोंडापाशी बसतो,
कंदील घेऊन, वरून डोकावत.
खांद्याखालचं त्याला कुठून दिसणार!
त्या रात्री कळलं, तो आधीच आत उतरलेला,
गुडघे पोटाशी घेऊन, हातात घासणी.
रागावत नाही. काही बोलतही नाही.
जरा सरकून जागा करून देतो.

पहाटे दोर घेऊन गेले.
म्हटलं, त्सियाला, एक जागा राहिली.
राहिली, की ठेवली?
(या बाईला मी मूर्ख कधीच म्हणू शकले नाही.)
ठेवली, म्हटलं.
ती बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिली.
मग तिनंच मेणबत्ती पेटवली, दोरीला बांधली,
हळूहळू आत सोडली,
आणि ज्योत ठीक आहे ना, ते माझ्याआधी तिनं पाहिलं.

नखाएवढ्या जागेला सगळी सकाळ लागली.
प्रभो, दया कर, म्हणत होते,
मध्येच थांबले, कारण परत येणाऱ्या आवाजात
मी एकटीच होते.
मग तिचंही नाव घातलं.
घशात सालपट अडकावं तसं झालं.
तरी घातलं. एका फेरीला एकदा.

सातव्या पाण्याची ओंजळ तिच्यासमोर प्याले.
मातीची किंचित चव.
त्सियालानं न बोलता आपलाही हात पुढे केला.

एवढ्यानं कुणी संत होत नाही.
अक्रोड अजून दोन्हीकडे पडतात, मी अजून मोजते.
परवा तिच्या बाजूचे चार माझ्या ओच्यात आले.
दोन परत टाकले.