सकाळी नऊच्या आत

परवा दुपारी चारला आला होता भैरू,
चिठ्ठी चार घड्या करून खिशात.
मी म्हटलं, हे रक्त सकाळचं लागतं,
नऊच्या आत. आणि रात्रपाळी करून नको, झोपून ये.
तो म्हणाला, झोप कुठली बाई,
दिवसा लाइट नसते, वडगावात माग रात्रीच चालतात.

आज आलाय. डोळे मागावरचेच.
सोबत बायको, तिच्या हातातही चिठ्ठी.
बाकड्यावर मध्ये एका माणसाची जागा सोडून बसलीत.
त्या जागेकडे बघणाऱ्या म्हाताऱ्याला मी म्हणते,
कुंद्री अज्जा, कुंद्री.
तो बसतो. दोघांनाही बरं वाटतं.

समोरच्या कंपाउंडवर निळ्या अक्षरांत
'गमावलेली ताकद एकवीस दिवसांत',
खाली नंबर, शेवटचे दोन आकडे कुणीतरी खरवडलेले.
भैरू तो वाचतो,
वाचत नाही असं दाखवत.

नाव? मलप्रभा.
वय? अठ्ठावीस. नाही, एकोणतीस.
पाळी?
ती नवऱ्याकडे बघते, नवरा पंख्याकडे.
"तीन महिने झाले अक्का. त्याच्या आधी पाच."
बोलताना पदर हनुवटीवर.
पदराखाली काय असणार मला ठाऊक आहे:
कांडीच्या दोऱ्याने उपटलेल्या केसांचे
बारीक लाल ठिपके.

"दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच नाव कसं?
हे बाप्यांचं असतंय न्हवं?"
मूठ आवळ, मी म्हणते, आणि शीर शोधते.
दोघांत असतं. तुझ्यात, माझ्यातही.
थोडंच, पण लागतंच,
हाडाला, मासाला, सकाळी उठायच्या उमेदीला.
ती सुईकडे बघत नाही, विचार करते.
"म्हणजे सूत एकच.
ताण्यात जास्त जातंय, बाण्यात कमी."
चौदा वर्षं हे काम करतेय,
असं मला कधी सांगता आलं नव्हतं.

यंत्रात दोघांच्या नळ्या समोरासमोर ठेवते.
एकटी नळी फिरवली तर
यंत्र थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत चालत जातं.

संध्याकाळी कागद.
त्याचे दोनशे चौदा, पुढे खाली जाणारा बाण.
तिचे शहाण्णव, बाण वर.
मलप्रभा दोन्ही कागद काचेवर शेजारी ठेवते,
बोटाने एकदा इकडे, एकदा तिकडे.
"माझं ह्यांच्या निम्म्यानंही नाही,
आणि जास्त माझंच?
ही हद्द कुणी आखली?"

आमच्याकडे हा प्रश्न लोक मोर्चात विचारतात.
ती काउंटरवर विचारते, सुट्टे पैसे मोजत.

मी सांगते ते एवढंच:
पुष्कळ निरोगी माणसांचं रक्त मोजून आखतात,
बायांची वेगळी, बाप्यांची वेगळी.
लॅब बदलली की रेघही थोडी सरकते.
डॉक्टर पाळीचं विचारतील, साखर बघतील, थायरॉइड,
कदाचित पोटाची सोनोग्राफी.
एका आकड्यानं कुणी बाई होत नाही
की बाप्या राहत नाही असं नसतं.
आणि भैरू, तुझं परत एकदा.
जागरणाचं रक्त खोटं बोलू शकतं.
तोवर त्या भिंतीवरच्या नंबराला फोन नको.

भैरूचे कान लाल. "मी कुठं..."
"लावलाय," मलप्रभा म्हणते. "उचलला नाही त्यांनी."
मग कागदाची घडी घालत, जरा हळू,
"या आठवड्यात रात्रीचा माग मी बघतो. झोप तू."

जाता जाता ती वर बघते.
बाहेर डिसेंबर, धुकं दाराशी आलेलं,
म्हातारा मफलर सारखा करतोय,
आणि माझ्या डोक्यावर पंखा पाचवर.
"अक्का, या थंडीत?"
मला उकडतं, मी म्हणते.
मानेवरचा घाम पुसते.
"कधीपासून?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं,
डॉक्टरांनीही नाही, ज्यांच्या चिठ्ठ्या मी रोज वाचते.
मी बोटांवर महिने मोजायला लागते.
ती थांबते,
पदर हनुवटीवरून खाली घसरलाय,
तो तिने तसाच राहू दिलाय.