शुद्धिपत्र

सरोदे मास्तर यायचे शाळा सुटली की,
सायकलच्या कॅरियरला मेणकापडात बांधलेली गीतं.
क्वार्टर गेटपासून सातवं दार, आमचा छापखाना.
आधी चहा, बिनसाखरेचा,
मग काल पक्की केलेली ओळ आज पुन्हा कच्ची.

मालक चिडायचे. एका काना-मात्रेसाठी
हा माणूस जुळवलेला फर्मा सोडायला लावतो.
"केरबा," मला म्हणायचे, "इंग्रजी ओळ जिथं उडी मारते
तिथं आपला शब्द मांडी घालून बसतो. काय करू?"
मला काय कळणार. मी जुळारी.
लहानपणी भजनात पेटीचा भाता हलवला, तेवढंच.

एका कडव्यात होतं 'हिमासारखे शुभ्र'.
त्यांनीच खोडलं. "हिम कुणी पाहिलंय नाना पेठेत?"
आठवडाभर दुधाचा फेस, चुना, मोगरा करून झालं,
शेवटी 'पिंजला कापूस' लिहिलं
आणि जालन्याकडच्या आपल्या गावाबद्दल
काहीतरी सांगायला तोंड उघडून मिटलं.

कधी मिस रणपिसे यायच्या, ऑर्गनवाल्या.
एका चालीचे तीन आवाज करायच्या:
वरचा, मधला, आणि पुरुषांचा,
"जो वेळेवर कधीच येत नाही."
"मास्तर, सगळ्यात उंच सुरावर तुम्ही 'मुक्ती'ची 'ती' ठेवलीत,
बायका किंचाळतात. मला तिथं 'आ' द्या.
कुठलाही द्या, उघडा द्या."
तेव्हा मास्तरांनी दिला 'ठाव'.
तुझ्या चरणी मला ठाव दे.

आमच्या धंद्यात अक्षराला खिळा म्हणतात.
"म्हणजे प्रभूची गाणी तू खिळ्यांनीच जोडतोस,"
मास्तर एकदा हसत म्हणाले,
मग हसायचे थांबले.

त्या रात्री दिवे गेले होते. कंदिलावर शेवटचा फर्मा.
ठ च्या खणात पोऱ्यानं घ टाकलेला.
बोटं वाचत नाहीत, बोटं विश्वास ठेवतात.
हजार प्रती निघाल्या:
तुझ्या चरणी मला घाव दे.

बांधणीला बसलो तेव्हा मला दिसलं.
मास्तरांनी शुद्धिपत्र आणून दिलं, तेवीस चुका,
एकसष्टाव्या पानावरचा अनुस्वारसुद्धा.
ही नव्हती.
दिसली नाही, की दिसली?
विचारलं असतं तर मजुरी कापली असती, हे एक.
दुसरं काय होतं, अजून सांगता येत नाही.

प्रत्येक गीताखाली साहेबाचं नाव सबंध,
जन्म, मृत्यू, गाव. आणि खाली, मास्तरांनीच सांगितलेल्या
सगळ्यात बारीक टायपात: न. स., हॅ. र.
त्यातही 'स' पुढचा ठिपका झिजलेला होता.

दोन वर्षांनी मास्तर गेले.
मी देवळाबाहेर काढतो तशा चपला काढून
मागच्या बाकाशी उभा राहिलो. दुसऱ्या कुणीच काढल्या नव्हत्या.
तेच गीत लागलं.
ती ओळ आली, वरचा आवाज 'घा'वर गेला, उघडा,
आणि मधला आवाज
हलकेच अर्धा सूर खाली उतरला.
कोमल गंधार.
छापण्याआधी छापखान्यात त्यांनी गुणगुणून दाखवला होता
तेव्हा तो शुद्ध होता. पेटीवर शिकलेला कान आहे माझा.
मिस रणपिसे पुस्तकाकडे बघत नव्हत्या.

आता म्हणे नवी आवृत्ती आलीय, संगणकावरची.
कुणा हुशार पोरानं 'ठाव' दुरुस्त केलाय.
रविवारी त्या बाजूनं जातो कधी.
'ठाव' समोर उघडा धरून
म्हातारी माणसं 'घाव' गातात.

त्या दिवशी फाटकाशी त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं,
नखांतली शाई कधी निघत नाही.
वाटलं, आता विचारतील.
म्हणाल्या, "चपला घाला, केरबा.
फरशी तापलीय."