तेरावी चकती

क्वार्ट्‌झच्या नळीत गॅलियम, इंडियम, अँटिमनी.
तासाला एक मिलिमीटर, भट्टीतून खाली.
वेंगुर्ल्याच्या कॉलेजात तीन दिवस, तीन रात्री
मी त्या नळीपाशी बसले,
बाबा शिरोड्याच्या मिठागरात
उधाणाच्या रात्री बांधावर बसायचे तशी.

दुसऱ्या रात्री पावणेतीनला दिवे मिणमिणले.
एवढंच. पंखासुद्धा थांबला नाही.
मी वहीत नोंद केली नाही.

स्फटिकानं केली.
कापला, घासला, आम्लात बुडवला,
तर दहाव्या चकतीवर तिकोनी खळगे, दाट, रांगेनं,
जांभ्याच्या चिऱ्यात असतात त्याहून शिस्तीचे.
वीज मंडळाकडेही त्या रात्रीचा
इतका चोख हिशेब नसेल.

मग चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये
एकेक चकती, चार तारा, आडवा दाब.
पहिली: धन. दुसरी: धन.
बाराव्यापर्यंत धनच.
मी विचारलं, आपण तर काहीच मिसळलं नाही?
प्रभुखानोलकर मॅडम म्हणाल्या, नाही मिसळलं.
गॅलियमची एखादी जागा रिकामी राहते,
एखादा गॅलियम अँटिमनीच्या घरात जाऊन बसतो.
तेवढ्यानं वीज वाहते.

आरोंद्याच्या तरीत पुढची बाई उतरली
की मागची सरकते, तिच्या मागची सरकते,
पाटीवाली सगळ्यात शेवटी.
माणसं एकेक वीत पुढे येतात
आणि रिकामी जागा
सबंध होडीभर चालत मागे जाते.
मी हे मॅडमना सांगितलं नाही.
त्या गणित मागतात.

तेरावी: ऋण.
तारा उलट लागल्या असतील.
सोडवल्या, पुन्हा डाख दिला. धन.
चुंबक फिरवला. ऋण.
शून्याच्या अल्याड, शून्याच्या पल्याड,
काटा कुठेच बूड टेकेना.
मॅडमनी चष्मा काढून पुसला.
इथून पुढे इंडियम वाढतोय, म्हणाल्या,
उद्या पुन्हा मोज.

कापताना तिचा एक टवका उडाला होता.
तो कागदात बांधून घरी नेला.
बाबांनी तळव्यावर घेतला, उन्हात तिरपा धरला,
नखानं कड तपासली,
आणि सवयीनं जिभेकडे नेला.
मी हात धरला. विषारी आहे, बाबा.
ते माझ्याकडे बघत राहिले.
‘मगे चाखल्याशिवाय कळतला कसा?’

वहीत तेराव्या चकतीपुढे
जाडी आहे, तापमान आहे, तारीख आहे.
चिन्हाचा रकाना
अजून तसाच आहे.