एकतिसावा

मिंगेलबाब योकोहामाहून आला तेव्हा ट्रंकेत
साबणाच्या वड्या, चॉकलेटं, एक हातोडा
(हातोडा कशाला, ते त्यानं कधीच सांगितलं नाही)
आणि ब्राझिन्योसाठी
गेमबॉयच्या डोक्यावर बसणारा एक डोळा.
बेडकाचा असावा तसा. फिरणारा.
पुढे बघता बघता गर्रकन वळून
आपल्याकडेच बघणारा.

फोटो निघायचे, टपालाच्या तिकिटाएवढे,
चार रंगांत :
पांढरा, राखाडी, त्याहून राखाडी, काळा.
कॅलेंडरातल्या गोव्याचं त्यात काही खरं नव्हतं,
पण आम्ही कुडचड्याचे.
आमच्याकडे होते टिपर, एकामागे एक,
आणि खनिजाची धूळ, वाळत घातलेल्या चादरींवर,
शाळेच्या घंटेवर, झाकण ठेवूनही भातावर.
त्या डोळ्याला लाल कळायचंच नाही.
त्याच्या फोटोत आमचं गाव
पहिल्यांदा धुतलेलं दिसलं.

सोबत छपाईचा डबा होता, सहा सेल खायचा
आणि बारकी जीभ काढावी तसा कागद काढायचा.
सेल कुणी आणायचे?
म्हणून आम्ही धंदा काढला,
नदीकाठी, बार्जच्या धक्क्यावर,
जिथे वजनकाट्यासाठी टिपर दोन दोन तास उभे.
दोन रुपयांत फोटो.
गुरुपाद ड्रायव्हरनं आरशात बघून केस विंचरले,
मग क्लीनरचा शर्ट मागून घातला,
त्याचा बरा होता म्हणून.
क्लीनर बनियनवर उभा राहून हसत होता,
तोही आला थोडा, कडेला.

तीसच जागा त्या डोळ्याच्या पोटात.
एकतिसावा आला की आधी कुणाला तरी पुसायचं.
पुसू का, विचारायचं यंत्र. हो, किंवा नाही.
ठरवायचा ब्राझिन्यो, वस्तू त्याची म्हणून.
आधी कुत्रा गेला.
मग पिंपळ, मग पायरीवर ठेवलेले माझे पाय,
मग मी.
"तूं हांगाच आसा न्ही," तो म्हणाला,
आणि ते खरंच होतं, मी तिथेच होते,
चिल्लर सांभाळत.

शेवटी त्यानं बापाला पुसलं,
एका परक्या पोरासाठी, जो उद्या दिसणार नव्हता.

मिंगेलबाबला कळलं.
जहाज पकडायला आठ दिवस होते.
आम्ही गाल तयार ठेवले.
तो धक्क्यावर आला, मिसेला जायचा इस्त्रीचा शर्ट घालून,
टिपरवाल्यांच्या मागे रांगेत उभा राहिला उन्हात,
पाळी आल्यावर दोन रुपये मोजून दिले.
"काड," म्हणाला. "पूण परत पुसलो जाल्यार
पयशे परत."
हसला नाही. फोटोतही नाही.

मे महिन्यात गुरुपाद चिडून आला.
लायसनच्या प्लास्टिकमध्ये जपलेला कागद
पुढे धरला : कोरा.
"मेरा मुँह किधर गया?"
ब्राझिन्यो खिसे चाचपू लागला.
मी डब्यातली नाणी काढली, एक रुपया कमी होता.
त्यानं हात हलवला, नको.
कोऱ्या कागदाची घडी होती तशीच
लायसनमध्ये परत ठेवली
आणि हॉर्न वाजवत गेला, गरज नसताना.

आता धक्क्यावर बार्ज गंजतात.
चादरी पांढऱ्या वाळतात.
ब्राझिन्यो स्विंडनच्या गोदामात, रात्रपाळीला.
जाताना डोळा माझ्याकडे टाकून गेला,
"तुजेकडेन आसूं."

काल सेल घालून बघितला.
आतली बारकी बॅटरी कधीच संपलेली.
तीस जागा, तीसही रिकाम्या,
पुसू का, असंही कुणी विचारलेलं नाही.
डोळा मात्र फिरतो अजून. वळवला माझ्याकडे.
चार रंगांत एक बाई दिसली, चष्म्यातली,
बटण दाबलं नाही.

डब्याच्या तळाशी एक पट्टी निघाली, कोरी ठक्क.
कुणाची होती कोण जाणे.
बोटाचं नख त्यावर जोरात ओढलं
तर काळी रेघ आली.